सांगलीत डोंगर कुठं आहे? नव्यानं आलेल्यांसाठी

सांगलीत उंची कळते ती आयर्विन पुलावर. कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. बाकी गावात चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल, तोही सायकलवाल्यालाच जाणवतो. मी पाटण तालुक्यातली. आमच्या पुढच्या दारातून एक डोंगर दिसतो, मागच्या दारातून दुसरा. सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. नोकरीसाठी विश्रामबागेत खोली घेतली, पहिल्या संध्याकाळी गच्चीवर गेले, तर चारी बाजूंनी आभाळ सरळ जमिनीला टेकलेलं. पोटात कसंतरीच झालं.

घरमालक काकांना विचारलं, "काका, इथनं जवळचा डोंगर कुठला हो?"

"डोंगर? पन्हाळ्याला जावा की."

काकू आतून म्हणाल्या, "महाबळेश्वर बघितलंय का गं तू?" ऑफिसात विचारलं तर कास पठार, आंबा घाट, कुणी तर थेट राजगड. जवळचं एकही नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. आणि मिरजेच्या पलीकडे, पंढरपूर रस्त्याला, दंडोबा आपला उभाच होता. त्याचा पत्ता लागायला मला सात महिने लागले. तुम्हाला एखादा रविवार पुरावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवते.

आधी स्वतःच्या पायाखालची उंची वजा करा

डोंगराची उंची म्हणून जो आकडा सांगतात तो समुद्रसपाटीपासूनचा असतो. सांगली स्वतःच समुद्रापासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणजे अठराशे फूट. पन्हाळ्याची उंची ३,१७७ फूट सांगतात. त्यातून आपले अठराशे काढा, उरले पावणेचौदाशे. सांगलीकराच्या वाट्याला पन्हाळा येतो तो एवढाच. म्हणून आकडा कुठलाही दिसला की आधी वजाबाकी करायची, मग भारावून जायचं.

माझा हिशोब असा: पायथ्यापासून माथ्यापर्यंत दीडशे मीटर चढ असेल तर डोंगर, त्याखाली टेकडी. तुम्ही तुमचा ठरवा. फक्त इथले दोन शब्द समजून घ्या. 'माळ' म्हटलं की चढ असेलच असं नाही, खडकाळ उघडी जमीन एवढाच अर्थ. आणि 'घाटमाथा' म्हटलं की ट्रेकवाल्यांच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीची धार येते, पण विटा-खानापूरकडचा माणूस घाटमाथा म्हणतो तेव्हा तो खानापूरच्या पठाराबद्दल बोलत असतो. मी एकदा एका सहकाऱ्याच्या 'घाटमाथ्यावरच्या' गावाला धुकं आणि धबधबे बघायच्या तयारीनं रेनकोट घेऊन गेले होते. तिथं द्राक्षबागा आणि कोरडं ऊन होतं.

गच्ची आणि करंगळी

हात पुढे ताठ करा आणि करंगळी उभी धरा. त्या करंगळीची जाडी आपल्या नजरेत साधारण एक अंश भरते. आता हिशोब बघा. तुमच्यापासून २० किलोमीटरवर ३०० मीटर उंचीचा चांगला भरभक्कम डोंगर आहे असं धरा. तो नजरेत एक अंशही भरत नाही. करंगळी आडवी धरली तर अख्खा डोंगर तिच्यामागे लपतो! मग समोरच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी, नारळाचं झाड, उसाचा फड यांच्यामागे तो लपला तर नवल काय? मी पाटणची असल्यामुळे मान वर करून डोंगर शोधत होते. सपाटीवर मान वर करायची नसते. नजर जमिनीच्या रेषेला लावून, कासवाच्या चालीनं, डावीकडून उजवीकडे न्यायची असते.

दुसरी चूक आकाराची. आपल्या मनात डोंगर म्हणजे चित्रकलेच्या वहीतला त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य. इथले डोंगर तसे नाहीत. सगळं दख्खन लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झालेलं आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं काम. थर आडवे, म्हणून माथेही सपाट. लांबून असा डोंगर दिसतो तो एखाद्या लांबट ओट्यासारखा किंवा अर्धवट राहिलेल्या भिंतीसारखा. क्षितिजावर निळसर रंगाची, दोन्ही टोकांना उतरती झालेली सरळ रेघ दिसली तर ती सोडू नका. तोच तो.

वेळ महत्त्वाची. कागदोपत्री ३०० मीटरचा डोंगर सपाटीवरून साठेक किलोमीटरपर्यंत दिसायला हवा, पृथ्वीचा बाक धरूनही. प्रत्यक्षात हवा दिसू देत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की धुराडी चालू, तोडणीनंतर शेतात पाचट पेटवलेलं, त्यात थंडीतलं नदीकाठचं धुकं. जानेवारीच्या सकाळी आमच्या गच्चीवरून पलीकडची गल्लीही धड दिसत नाही. उन्हाळ्यात धूळ. उत्तम दिवस म्हणजे पाऊस पडून गेल्यावर उघडीप मिळालेली दुपार, किंवा परतीचा पाऊस संपता संपता, धुराडी पेटायच्या आधीचे आठ-दहा दिवस. तेवढ्यात काम उरका.

काम काय, तर वहीचं एक पान आडवं धरायचं, मध्ये रेघ ओढायची, आणि फोनमधल्या होकायंत्रावर बघून जिथं जिथं निळी पट्टी दिसते तिथं अंश लिहायचे. फोन गच्चीच्या लोखंडी कठड्याजवळ किंवा टाकीच्या पाइपजवळ धरू नका, काटा भलतीकडे जातो. शंका असेल तर दहा मिनिटं थांबा. ढग असेल तर आकार बदलेल. मी पहिल्या दिवशी नैर्ऋत्येला एक देखणा डोंगर नोंदवला, त्याला दोन शिखरंही काढली. दुसऱ्या दिवशी डोंगर जागेवर नव्हता.

होकायंत्र नको असेल तर सूर्य आहे. मार्चच्या २०-२१ आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या आसपास तो बरोबर पश्चिमेला मावळतो, आणि सांगलीची पश्चिम म्हणजे साधारण पन्हाळा-जोतिबाची दिशा. तिथून तो उत्तरेकडे सरकत २१ जूनला पंचवीसेक अंश उजवीकडे जातो, ती दिशा चांदोलीची. (अर्थात २१ जूनला सूर्य दिसला तर!) डिसेंबरात तेवढाच डावीकडे येतो, बाहुबली-आळत्याच्या टेकड्यांच्या बाजूला. वर्षभर एकाच गच्चीवरून सूर्यास्त बघितलात तर पश्चिमेचे अर्धे डोंगर आपोआप पाठ होतात.

नकाशा, पण सावधपणे

फोनवरच्या नकाशात भूरचनेचा थर चालू करा. शाळेत भूगोलात काढलेल्या समोच्च रेषा आठवतात का? त्याच. दोन रेषांमध्ये ठरावीक उंचीचा फरक असतो. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० नकाशांवर साधारणपणे २० मीटरचा. रेषा दाटीवाटीनं आल्या की चढ खडा, लांब लांब गेल्या की जमीन सपाट. पंधरा रेषा मोजल्या की ३०० मीटर. आपल्या ओट्यासारख्या डोंगरांची खूण अशी की कडेला रेषांची गर्दी आणि मध्ये काहीच नाही. तो रिकामा भाग म्हणजे वरचं पठार. या नकाशांचे जुन्या पद्धतीचे क्रमांक विचारलेत तर सांगली-मिरज '४७ एल' मालिकेत येते, आणि १७ अंश अक्षांशाच्या वरचा भाग, म्हणजे सागरेश्वर वगैरे, '४७ के' मध्ये.

आता घराभोवती २५, ५० आणि १०० किलोमीटरची तीन वर्तुळं काढा आणि वहीतले अंश त्यावर ठेवा. निळ्या पट्ट्यांना नावं मिळायला लागतील. सरळ अंतर आणि रस्त्याचं अंतर यात इथं बराच फरक पडतो, कारण मध्ये कृष्णा, वारणा, येरळा आहेत आणि पूल असेल तिथूनच जावं लागतं. नकाशा दाखवेल ती सगळ्यात जवळची वाट धरू नका. मला त्यानं भर पावसाळ्यात एका पाणंदीत घातलं. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, खाली काळी माती, आणि गाडीचं चाक मडगार्डापर्यंत चिखलानं भरलेलं. फिरायचंच बंद झालं. एक आजोबा वैरणीचा भारा घेऊन आले, काठीनं चिखल खरवडून काढत म्हणाले, "त्या फोनात काय बघताय बाई? डोंगर हितनं दिसतोय की." खरंच दिसत होता. उसाच्या शेंड्यांवर, बोटभर.

नकाशा न उघडता चढ ओळखायचा एक सांगलीचा उपाय आहे. म्हैसाळ, ताकारी, टेंभू ही नावं इथं पोरापोराला माहीत असतात. या उपसा सिंचन योजना. नदीचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवून दुष्काळी भागात नेतात. पाणी ज्या दिशेला उपसून न्यावं लागतं त्या दिशेला जमीन चढते, हे उघड आहे. म्हैसाळचं पाणी कवठे महांकाळ-जतकडे जातं, टेंभूचं खानापूर-आटपाडीकडे. टप्पे मोजा, चढ कळेल. तसंच पवनचक्क्यांचं. आमच्या पाटणला वनकुसवड्याच्या पठारावर त्या गर्दीनं उभ्या आहेत, इकडे ढालगाव भागात आहेत. वाऱ्यासाठी उंचवटा हुडकायचं काम पवनचक्कीवाल्यांनी आधीच करून ठेवलंय. रात्री क्षितिजावर ओळीनं लाल दिवे लुकलुकताना दिसले तर सकाळी तिकडे बघा.

डोंगर विचारू नका, देव विचारा

मला सात महिने का लागले ते इथं कळतं. शेवटी मी काकांना वेगळ्या शब्दांत विचारलं, "श्रावणातल्या सोमवारी इकडची माणसं वर कुठं जातात?"

"वर? दंडोबाला जात्यात की."

"मग डोंगर नाही म्हणालात!"

"डोंगर न्हाई ओ त्यो, दंडोबा हाय."

काकांचं काही चुकलं नव्हतं. या भागात उंचवट्याला डोंगर म्हणून वेगळं नाव क्वचित असतं, देवाचं नाव तेच त्याचं नाव. दंडोबा, कवठे महांकाळकडचा गिरलिंग, खानापूरकडचा शुकाचार्य, सोनसळचा चौरंगीनाथ, येडेनिपाणीचा मल्लिकार्जुन, सागरेश्वर, बाहुबली, जोतिबा. डोंगर कुठं आहे असं विचारलं की माणसं सहलीची ठिकाणं सांगतात. देव कुठं आहे विचारलं की घरामागचा डोंगर सांगतात. विचारायचं ते दूधवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला, आणि मेंढरं घेऊन चाललेला धनगर भेटला तर सगळ्यात आधी त्याला. पायऱ्या किती, वर पाणी आहे का, गाडी कुठपर्यंत जाते, हेही त्याच दमात विचारून घ्या.

पहिला रविवार: दंडोबा

सांगलीहून मिरज, मिरजेहून पंढरपूर रस्ता, भोसे गाव. एवढं पुरे. गाव यायच्या आधीच ओटा दिसायला लागतो आणि वाटेत द्राक्षबागा, हिरव्या जाळ्या लावलेली बेदाण्याची शेडं. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, पण गाडीनंच जायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला? पायथ्याला लावा आणि चाला. उतारावर वनखात्याची झाडी आहे. देऊळ खडकात कोरलेलं आहे. बाहेर ऊन तापलेलं असताना आत पाऊल टाकलं की पायाला गार फरशी लागते आणि डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, फक्त तेलाचा आणि उदबत्तीचा वास. माझ्या मते सगळ्या चढाईचं मोल त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात वसूल होतं.

माथ्यावर गेलात की आधी पश्चिमेला बघा. मिरज-सांगलीचा हिरवा पट्टा, मधे घरांचे ठिपके. मग उलट फिरा. पूर्वेला जमीन रंग बदलते, हिरवं विरळ होत जातं, भुरं वाढत जातं. एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन जिल्हे असावेत असं वाटतं, आणि जिल्हा एकच आहे. वही बरोबर आणली असेल तर इथून स्वतःच्या घराचा अंश घ्या. गच्चीवरून दंडोबाचा जो अंश आला होता त्यात १८० मिळवले की हाच आकडा यायला हवा. पाच-सात अंश इकडेतिकडे झाले तर तुमचा फोन बरा आहे.

सकाळी सातपर्यंत पायथ्याला पोचा, दहाच्या आत उतरा. माणशी दोन लिटर पाणी. मार्च ते मे वाळलेलं गवत पेट घेतं, तेव्हा काडीपेटी लांब ठेवा. श्रावणी सोमवारी गर्दी असते. एकटं वाटायला नको असेल तर तोच दिवस चांगला.

त्यापुढचे

दंडोबा झाला की सागरेश्वर. सांगलीच्या उत्तर-वायव्येला, देवराष्ट्र्याजवळ. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. रेल्वेनं जायचं तर ताकारी स्टेशन जवळ पडतं. हे अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावायची, जनावरं आणून सोडायची, हा ध्यास घेतला धों. म. मोहिते यांनी, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर, पण आत सांबर, चितळ आहेत. वनखात्याचं तिकीट काढून आत जायचं. पायथ्याची जुनी शिवमंदिरं घाईत बघू नका. माथ्यावरून कृष्णेची वळणं आणि दोन्ही काठांचा ऊस दिसतो; आपण राहतो ती सपाटी वरून अशी दिसते, हे एकदा बघायलाच हवं.

किल्ल्याची आवड असेल तर वाळवा तालुक्यातला मच्छिंद्रगड, तो पुणे-मिरज रेल्वेतूनही दिसतो, शेणोली-भवानीनगरच्या आसपास खिडकीत बसा. येडेनिपाणीच्या मल्लिकार्जुनाचा डोंगर म्हणजेच विलासगड. खानापूर तालुक्यात बाणूरगड, म्हणजे भूपाळगड. १६७९ मध्ये दिलेरखानानं घेतला तो हाच, आणि बहिर्जी नाईकांची समाधी तिथं आहे. बाहुबलीला पायऱ्या आहेत, घरची वडीलधारी माणसं घेऊन जायला सोपं.

सह्याद्री पाठीमागून लागतो

आता मोठा डोंगर. कोकणातून आलेल्या मैत्रिणीला मी शिराळ्याला नेलं तेव्हा ती वाटभर विचारत होती, "पायथा कधी येणार?" पायथा येतच नाही. सह्याद्रीची भिंत कोकणाच्या बाजूला आहे. देशावरून आपण त्याच्या पाठीवरून चढतो, हळूहळू, शंभर किलोमीटर पसरलेल्या चढावरून, आणि डोंगर संपतो तिथं पुढे जमीनच नसते. म्हणून पश्चिमेला जाताना समोर भिंत शोधू नका, शेताकडे बघा. ऊस कमी होत जाऊन भाताची खाचरं दिसू लागली, काळी माती तांबडी झाली, घरांवर कौलं वाढली, की तुम्ही डोंगरातच आहात.

सांगलीहून दोन वाटा. एक बत्तीस शिराळ्यावरून वारणेच्या काठानं चांदोलीला. राष्ट्रीय उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटरचं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. परवानगी लागते आणि पावसाळ्यात आत सोडत नाहीत; पण धरणापर्यंतचा रस्ताच इतका देखणा आहे की मी दोनदा तिथूनच परत आले आणि वाईट वाटलं नाही. दुसरी वाट कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट. घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला लावून कठड्याशी उभं राहिलं की पहिल्यांदा कळतं, आपण सकाळपासून किती चढलो होतो.

गेल्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबला त्या संध्याकाळी काकांना गच्चीवर नेलं आणि हात धरून करंगळी पूर्वेला धरायला लावली. बराच वेळ त्यांनी एक डोळा मिटून बघितलं, मग करंगळी बाजूला केली.

"आयला. हितनं दिसतोय व्हय?"

काकू खालून चहा घेऊन आल्या, त्यांनाही बघायचं होतं, पण तोवर अंधारलं होतं.